वेजेस सेक्शन कॉम्प्युटर शिकतं

चांगल्या दिवसांचे किस्से होत नाहीत. बोनस मिळाला, आइस्क्रीम खाल्लं, संपलं! वाट लागलेली असते ना, तेव्हाचे किस्से मात्र ढिगाने साठतात. आमच्या कॉम्प्युटर क्लासचंच बघा. तेव्हा डोकं नुसतं तापायचं, आणि आज सांगायला बसले की ऐकणारे पोट धरून हसतात. हसू दे. मला अजून हसू येत नाही.

मुलुंडच्या कारखान्यात वेजेस सेक्शनला आम्ही तिघं. कामगारांचे पगार काढणं हे आमचं काम. सावंतकाका सगळ्यात सीनियर, मूळचे मालवणचे. लता सगळ्यात लहान, लग्नाची. मधली मी. एक दिवस साहेबांनी आत बोलावलं. "पगाराचं काम पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर जाणार. मशीन एक, त्यावर माणूस एक. शिकून घ्या."

"आणि बाकीचे दोघे?" काकांनी विचारलं.

"आधी शिका तर!"

फी आमची, वेळही आमचाच. कारखाना सुटला की आम्ही तिघं घाटकोपरच्या क्लासला जायचो.

* * *

पहिल्याच दिवशी दारावर पाटी, 'चपला बाहेर काढा.' मशीनला धूळ चालत नाही म्हणे. काका चपला काढून पाय धुवायला नळ शोधायला लागले! आत गेले आणि मशीनपुढे दोन्ही हात जोडून उभे. आमचे सर म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं. ते हसले, "काका, हात कसले जोडता? त्याला काही कळत नाही."

"देवाक तरी खंय कळता? तरी जोडतंवच मां!"

हात जोडणंच नशिबात होतं, कारण हात लावायला मिळेल तर शपथ! अख्ख्या क्लासला मशीन एक. बाकी सगळं फळ्यावर आणि वहीत. पोहायला शिकायचं आणि तेसुद्धा सतरंजीवर!

* * *

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'ए बरोबर ए अधिक एक.' काका ताडकन उठले.

"सर, चुकलं तुमचं. पाच म्हणजे सहा कसे होतील?"

"काका, ए म्हणजे डबा. डब्यात आहे त्यात एक घालायचा आणि परत त्याच डब्यात ठेवायचं."

"मग सरळ तसं लिहा ना! मी पगारपत्रकात असं लिहिलं असतं तर आत टाकला असता मला!"

सगळा क्लास हसला. काका नाही हसले. परत येताना मला म्हणाले, "ह्या वयात माका जमाचा नाय गो." मी धीर तरी कसा देणार? जमलं असतं तर ते माझ्याच पोस्टवर बसले असते.

* * *

आमच्या कारखान्यात मोरे म्हणून युनियनचा पुढारी होता. गेटवर सभा घ्यायचा. "कॉम्प्युटर हटाव, कामगार बचाव!" मी आणि लताही मुठी आवळून ओरडायचो आणि तिथूनच गुपचूप क्लासला सटकायचो. एका संध्याकाळी वळून बघते तर शेवटच्या बाकावर मोरे!

"तुम्ही इथे?"

"ताई, दुश्मनाची भाषा शिकतोय." आणि मग हळूच, "कुठे बोलू नका हं. आणि ते डब्याचं काय सांगितलं काल? वही द्या ना जरा."

* * *

सेक्शनच्या पंख्याची खडखड थांबवा म्हणून आम्ही किती अर्ज केले! साहेबांचं एकच उत्तर, "बघू." आणि कॉम्प्युटर यायच्या आधी त्याची खोली तयार! एसी, पडदे, खाली गालिचा. एकदा आम्ही दोघी दार उघडून नुसतं आत बघत होतो, तेवढ्यात साहेब खेकसले, "दार लावा! गारवा बाहेर जातोय!"

साहेबांची पाठ वळल्यावर लता म्हणाली, "जाऊ दे की. आम्हीपण जाणारच आहोत बाहेर."

* * *

त्याच सुमारास लताला दहिसरचं स्थळ आलं. मुलगा झकास होता आणि लताला मनापासून आवडला होता. त्याचं नाव निघालं की तिचं टायपिंग चुकायचं. पण त्याची आई पक्की. "तू पसंत आहेस आम्हाला. पण कॉम्प्युटर येतोय ना तुमच्याकडे? आधी नोकरी राहतेय ते दाखव, मग तारीख काढू. आम्हाला नोकरीवालीच हवी."

मग साहेबांनी एकेकाला मुलाखतीला बोलावलं. लता क्लासमध्ये सगळ्यात हुशार, म्हणून आम्ही धरून चाललो होतो की पोस्ट तिचीच. बाहेर आली ती तोंड एवढंसं करून.

"काय विचारलं गं?"

"कॉम्प्युटर सोडून सगळं. लग्न कधी, सासर कुठे, मूल लगेच की नंतर!"

"मग?"

"म्हणाले, मुली शिकतात आणि लग्न झालं की सोडून जातात. आधी लग्न होऊन जाऊ दे, सासरचे नोकरी करू देतात का ते दाखव, मग पोस्टचं बघू."

मेल्याला काहीतरी फेकून मारावं असं मला वाटलं. काका तर जागेवरूनच उठले नाहीत.

लता दहिसरला जाऊन विनवून आली. परत साहेबांना भेटली. पुन्हा दहिसरला गेली. दोन्हीकडे उत्तर तेच, दोन्हीकडे चहा मात्र मिळाला.

* * *

क्लासचा शेवटचा दिवस. त्या आठवड्यात सरांनी गोटू शिकवलं होतं. 'गोटू टेन' म्हटलं की मशीन मुकाट्याने दहा नंबरच्या ओळीवर परत जातं. सर म्हणाले, "आज परीक्षा. प्रत्येकाने रोजच्या जगण्यातला एक प्रोग्राम फळ्यावर लिहायचा. काहीही चालेल."

काकांनी चहाचा लिहिला आणि साखर विसरले. मग लता उठली. खडू घेतला, एकदाही मागे वळून न बघता तीन ओळी लिहिल्या.

१० लग्न हवं? आधी नोकरी दाखव.
२० नोकरी हवी? आधी लग्न दाखव.
३० गोटू १०.

मोरे मान खाली घालून बसला. काकांनी चष्मा काढला. सर मात्र जाम खूश!

"वा! कधीच न थांबणारा प्रोग्राम! एक चूक नाही. पैकीच्या पैकी! पुसू नका, सगळ्यांनी वहीत उतरवून घ्या."

आम्ही उतरवून घेतला.