पिसं सोलायची पाळी
फ्रिमेत नावाची पोर जगली, पुढं इस्रायलात हैफाला शिवणकाम करत म्हातारीही झाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ऐकणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला कशाला! बाल्बिनाचा मात्र महायुद्धातल्या त्या हिवाळ्यात टांगणीलाच होता. पोलंडमधलं आडगाव, विधवा बाई, एकच खोली, आणि खोलीच्या फळ्यांखाली बटाट्याच्या खड्ड्यात सात वर्षांची ज्यू पोर, हीच फ्रिमेत. सापडली असती, तर जर्मनांनी दोघींनाही अंगणातच गोळ्या घातल्या असत्या.

हिवाळ्यात बायका पाळीपाळीनं एकमेकींकडे जमून हंसांची पिसं सोलायच्या, म्हणजे काडीवरचा मऊ भाग ओढून काढायच्या, उशा-रजयांसाठी. बाल्बिनाची पाळी आली. नाही म्हणावं, तर का नाही, याचाच गावभर बभ्रा. तिनं बोलावलं सगळ्यांना.

पिसं सोलताना हसायचं नाही, शिंकायचं नाही, दारसुद्धा हळू उघडायचं. नाहीतर ढीग उडून छपराला. जिभा मात्र चालू.

"बाल्बिने, तुझे हंसही तुझ्यासारखेच चिवट गं!" अपोलोनिया म्हणाली. ही सरपंचाची बायको. हिच्या तोंडाला गाव टरकून असायचं, आणि जर्मन शिपाई अंडी न्यायला हिच्याच दारात यायचे.

तेवढ्यात खालून शिंक आली. लहान पोराची, अगदी स्पष्ट.

कुणीच मान वर केली नाही. संपलं सगळं, बाल्बिनाला वाटलं.

अपोलोनियानं हातातलं पीस सोलून बाजूला ठेवलं.

"मेले बाल्बिने, शिंकताना तोंडावर रुमाल धर की! अर्धा ढीग उडवलास."

ढिगातलं एकही पीस हललं नव्हतं.

"सर्दीच झालीय तिला," दुसरी म्हणाली. "कालपासून बघतेय मी."

"मग उरलेली पिसं माझ्याकडे आणा. आजारी बाईच्या घरात कशाला गर्दी? कुणी फिरकू नका गं इकडं," अपोलोनियानं फर्मावलं.

बाया गेल्या. बाल्बिना कडी लावून ढसाढसा रडली. गावानं वाचवलं म्हणायचं, की गावाला कळलं म्हणायचं? तिलाच उमगेना.

मग तिनं फळी उचलली. खाली फ्रिमेत उभी. अंगात कोट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, पायात बूट.

"मावशी, दार उघड. जाते मी."

आधीच्या दोन्ही घरांनी आवाज झाल्यावर तिला बाहेर काढलं होतं. पोरीला वाटलं, असंच असतं.

बुटांच्या नाड्यांना तिनं स्वतःच दुहेरी गाठी मारल्या होत्या. बाल्बिना खड्ड्यात उतरली आणि त्या सोडवत बसली.