गुलाबी औषधाचा रंग

दुर्बिणीच्या तपासणीला जायच्या सकाळी मी ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाचे चार मोठे घोट पिऊन गेलो. उपाशीपोटी या, पाणीसुद्धा नको, असं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. पण पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात तपासनीस येणार म्हटलं की आदल्या दिवशी गंजावर रंग मारायची पद्धत आहे, आणि मी तिथला जुना सुपरवायझर. अन्ननलिका जरा नीटनेटकी दिसावी, एवढाच हेतू.

वाशीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी आत घातली आणि लगेच बाहेर काढली.

"काका, आत चुना मारलाय का? काही दिसत नाहीये."

घसा सुन्न होता. मान हलवून कबुली दिली. तपासणी परवावर गेली.

परवा मात्र दिसलं. वर्षानुवर्षं ॲसिड वर येऊन अन्ननलिकेचं खालचं टोक भाजलं होतं, आतलं अस्तरच बदललं होतं. "बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबतं," बाई म्हणाल्या. "पण कॅन्सरची सुरुवात नाही ना, ते बघायला तुकडा पाठवलाय. आठवड्याने या."

तो 'बहुतेक' मी घरी घेऊन आलो. भाकरी दुधात कुस्करून खायला लागलो. घास छातीपाशी अडला की श्वास धरून बसायचो, आणि बायको बघतेय असं दिसलं की काहीतरी जोक मारायचो. ती हसायची नाही.

कारखान्यात आम्ही ॲसिडच्या पाइपांना आतून रबराचं अस्तर लावतो. त्या आठवड्यात एक जुना पाइप दुरुस्तीला आला. बाहेरून ठणठणीत. बॅटरी मारून आत पाहिलं, तर अस्तराला फोड आलेले, एका जागी तर सुटून लोंबत होतं.

"साहेब, चालवायचा की भंगारात?" फिटरने विचारलं.

एरवी मी एका नजरेत सांगतो. त्या दिवशी परत परत बॅटरी मारून आत बघत राहिलो. "राहू दे अजून," म्हणालो आणि उगाचच नळावर जाऊन हात धुतले. दोनदा.

रिपोर्टच्या दिवशी बायकोला एकटीलाच आत पाठवलं. मी बाहेर बाकावर, आवंढे गिळून बघत. बऱ्याच वेळाने ती आली, शेजारी बसली, ओढणीने तोंड पुसलं.

"कॅन्सर नाहीये. गोळी रोज, दुर्बीण अधूनमधून परत."

माझा आवाज लगेच परत आला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"अक्कल पण नाहीये," ती म्हणाली. "तेवढं रिपोर्टात लिहायचं राहिलंय."