लीट्रिमच्या शाळेचा पट

मी गाव सोडलं त्या सकाळी कंधारकडून नांदेडला निघालेल्या काळीपिवळी जीपमध्ये आम्ही तेरा जण कोंबलेले होतो. माझी मोठी बॅग टपावर, छोटी दादांच्या मांडीवर. दादा म्हणजे माझे वडील, गावातल्या दोन शिक्षकी शाळेचे गुरुजी. माय खिडकीशी बसून पदरानं डोळे पुसत होती. आणि दादा? दादा शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईला विचारत होते की मांडीवरची पोरगी किती वर्षांची, नाव काय, अंगणवाडीत जाते का. बाई सांगत गेली तसं त्यांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. पोटची पोर परदेशी निघाली होती आणि हा माणूस पुढच्या जूनचा पट भरत होता. माय म्हणाली, "आजच्या दिस तरी ऱ्हाऊ द्या की." दादा डायरी मिटेनात. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

ज्यांनी सरकारी शाळा आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. ती ठरल्यापेक्षा खाली गेली की दुसरा शिक्षक उचलून दुसरीकडे देतात. मग एकाच खोलीत चार वर्ग बसतात, ते पाहून आईबाप आपली मुलं काढून घेतात, आणि एक दिवस दाराला कुलूप लागतं. म्हणून मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दस्ती बांधून दादा घरोघर हिंडायचे. कुणाच्या घरी पाळणा हलला की बारशाआधी दादांच्या डायरीत नोंद व्हायची. गावात त्यांची थट्टा चालायची की गुरुजींना पोटातलं बाळ दिसतं.

नांदेडहून हैदराबादची बस धरायची होती, विमान तिथून होतं. बस हलताना दादा खिडकीखाली आले आणि म्हणाले, "हिकडची फिकीर करू नको. आम्ही लई जणं हाव हितं." एवढंच बोलले. माय खिडकीतून माझा हात धरून उभी होती.

मी नर्स आहे. शिक्षण लातूरला झालं, मग पुण्यात नोकरी, मग इंग्रजीची परीक्षा, आणि मग आयर्लंडच्या लीट्रिम नावाच्या परगण्यातल्या एका वृद्धाश्रमात नेमणूक. नवरा मिलिंद शिरूर अनंतपाळचा. तो घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करतो. आमची लेक मैत्री इथंच जन्मली. तुम्ही जे कंधारात, हदगावात, लातूरला मागं राहिलात, आणि जे माझ्यासारखेच कुठं कुठं जाऊन पडलात, त्या सगळ्यांना मला या गावाची एक गोष्ट सांगायची आहे.

पहिल्या वर्षी मला इथं माणसांचीच भूक लागायची. हिरवं रान, दगडी कुंपणं, पाऊस, गायी, आणि मैलभर चाललं तरी माणूस नाही. घरं दिसायची, पण निम्म्या घरांच्या धुराड्यातून धूर नसायचा. डब्लिनला मात्र रस्ता ओलांडायला जागा नाही. एवढ्याशा देशात ही अशी वाटणी कशी झाली, हे कोडं मला काही सुटेना. शेवटी मी वृद्धाश्रमातल्या टॉमआजोबांना विचारलं. त्यांचं सगळं आयुष्य याच गावात गेलं होतं आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच होतं.

ते म्हणाले, पूर्वेकडं मातीत बी टाकलं की उगवतं, आमच्याकडं दगड टाकला तर तोसुद्धा चिखलात बुडतो. म्हणून आधीपासून चांगली शेती तिकडं, तुकड्यांची शेती इकडं. मग बटाट्याचा दुष्काळ पडला. पश्चिमेचे लोक बटाट्यावरच जगत होते, ते मेले नाहीतर जहाजात चढले. तेव्हा सगळ्यांना बंदराची वाट माहीत झाली आणि पुढं शंभर वर्षं कुणी ती विसरलंच नाही. त्यांच्या पाठची बहीण बोस्टनला गेली, भाऊ लंडनला रस्ते खणायला गेला. पुढं कारखाने, कंपन्या, कॉलेजं, विमानतळ सगळं डब्लिनला झालं, तिथंच आगगाड्या आणि मोठे रस्ते गेले. पोरं शिकायला तिकडं गेली आणि तिथंच लग्न करून राहिली. मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात? टॉमआजोबा म्हणाले, "कुणीतरी गायींची धार काढायला हवीच होती ना."

ते सांगत होते आणि मला आमचाच मुलूख दिसत होता. अर्धापूरकडं गोदावरीचं पाणी, केळीच्या बागा, दाट वसलेली गावं. आमच्या कंधारच्या डोंगराळ भागात मुरमाड जमीन आणि लांबलांब वस्त्या. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जाणार. शिकणारी पोरं लातूरला क्लास लावणार, तिथं एकेका खोलीत चारचार कॉट, आणि आमच्या गावात खोल्याच्या खोल्या रिकाम्या. लातूरहून पुढं पुणं. आमच्याकडं माणसं कमी का, याला पाणी आणि जमीन हे कारण आहेच, पण ते पहिलं कारण. पुढची कारणं माणसांनीच केलेली. दोन घरं गेली की दुकान चालत नाही, दुकान बंद झालं की एसटी येत नाही, एसटी गेली की उरलेले विचार करू लागतात. माणूस माणसाच्या मागं जातो. मीही तशीच गेले, उगाच गावाला नावं कशाला ठेवू?

मी इकडं आल्यावर तीन वर्षांत दादांच्या शाळेचा पट घसरला. दादा निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि उरलेली मुलं पलीकडच्या गावच्या शाळेत जोडली गेली. हे मला मायनं सांगितलं. दादांनी कधीच सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, चालायचंच. लई जणं हाव म्हणाले होते ते, त्यातले किती उरले होते कुणास ठाऊक.

आता गोष्टीकडं येते. गेल्या ऑगस्टमध्ये मिलिंदला कंपनीनं बढती देऊ केली, पण डब्लिनच्या ऑफिसात बसायची अट होती. तो हरखला होता. तिकडं आपली माणसं आहेत, सणवार आहेत, भाजी मिळते, म्हणाला. मलाही ते पटत होतं. त्याच आठवड्यात एका दुपारी नोराबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. नोरा गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. इथं सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात, पण गुरुजींच्या लेकीच्या तोंडून मुख्याध्यापिकेचं नुसतं नाव कसं निघणार? मी त्यांना नोराबाईच म्हणते आणि त्यांनाही ते आता गोड वाटतं.

मी अद्रक घालून चहा केला. नोराबाई म्हणाल्या की सप्टेंबरच्या अखेरच्या दिवशी सरकार शाळेतली मुलं मोजतं, त्यावर पुढल्या वर्षीचे शिक्षक ठरतात, आणि त्यांच्या शाळेत एक मूल कमी पडतंय. एक शिक्षक गेला की पुढं काय होतं ते त्यांना सांगायची गरज नव्हती. मी लहानपणी ते पाठ केलं होतं. त्यांनी मैत्रीला या वर्षीच घालाल का असं विचारलं. शाळा उघडते त्या दिवशी मुलाला चार वर्षं पूर्ण हवीत असा आमचा समज होता, आणि मैत्रीला तोवर होत नव्हती.

मी अगदी सहज म्हणाले, मग एक जून लिहा की.

नोराबाईंना कळेना. मी समजावलं. आमच्याकडं निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण गुरुजींनी तो लिहिलेला असतो. मी स्वतः पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मले असं माय सांगते, पण पासपोर्टवर एक जून आहे, तोही एक वर्ष आधीचा. त्या वर्षी दादांच्या शाळेत एक पोर कमी पडत होतं. त्यांनी हिंडून हिंडून पाहिलं आणि शेवटी घरात आले, मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि शाळेत नेलं. सहा वर्षांची म्हणून माझं नाव लागलं, होते पाचाची. वर्गात मी पहिले दोन महिने झोपायचे. वृद्धाश्रमात एक जूनला माझ्यासाठी केक आणतात आणि दर वर्षी मी विचारते, कुणाचा आहे?

मला वाटलं नोराबाई हसतील. त्या हसल्या नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या की असं त्यांना करता येणार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, एवढी वर्षं इथं राहून आपण काय बोललो हे. त्या गेल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघर पुसत बसले.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. त्यांनी नियम पुन्हा वाचला होता. मूल शाळेत पहिल्यांदा येईल त्या दिवशी चार वर्षांचं हवं, एवढंच त्यात होतं. मैत्रीचा खरा वाढदिवस सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मोजणीच्या चार दिवस आधी. खोटं काहीच लिहायचं नव्हतं. मी आनंदानं मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, मस्त, घालू या नाव, मोजणी होऊ दे, अन् दिवाळी झाली की जाऊ डब्लिनला. त्यात त्याचं वाईट काही नव्हतं. त्याच्या शिरूरकडंही पटावर नाव एका शाळेत आणि पोर दुसरीकडं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आणायला गेले तेव्हा मी नोराबाईंना हे सांगून टाकलं. लपवणं जमेना. त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिलाच नाही, आपल्याच हातात ठेवला. रागावल्या नव्हत्या. खिडकीबाहेर मैदानात मुलं पळत होती तिकडं बघत त्या म्हणाल्या, "मला नाव नकोय. मला मूल हवंय."

घरी येताना गाडी मी मध्येच रस्त्याच्या कडेला थांबवली. दादांनी माझं नुसतं नाव लावलं नव्हतं. मला वर्गात बसवलं होतं, झोपले तर झोपू दिलं होतं, पण रोज नेलं होतं. खोटी तारीख लिहूनही त्यांनी मूल खरंच दिलं होतं. मी मात्र खरी तारीख लिहून खोटं मूल द्यायला निघाले होते. आणि ज्या गावानं मला पटावर घेतलं त्याला मी नंतर काय दिलं? मला फार लाज वाटली.

मिलिंदशी दोन आठवडे वाद झाला. तो म्हणायचा, एका पोरीनं काय गाव वाचतं का? मी म्हणायचे, एका पोरीनं जातं मात्र. माझ्याही मनात डब्लिनची ओढ होती, ते खोटं का सांगू. शेवटी त्यानंच कंपनीला विचारलं की महिन्यातून चार दिवस येऊन बाकी इथून काम केलं तर चालेल का. बढती नाही मिळाली. काम तेच राहिलं. तिसऱ्या दिवशी तो मैत्रीसाठी दप्तर घेऊन आला. भलतं मोठं दप्तर, तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारं.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि शाळेत नेलं. इथं हजेरीला मुलं आयरिश भाषेत 'अन्शो' म्हणतात. म्हणजे इथे, हजर. मैत्री पहिल्या दिवशी नाव पुकारायच्या आधीच तीनदा अन्शो म्हणाली, असं नोराबाईंनी सांगितलं. मोजणी झाली, पट भरला, दुसरी शिक्षिका राहिली. पुढच्या वर्षी काय होईल ते पुढच्या वर्षी. खालच्या रस्त्यावर एक ब्राझीलचं कुटुंब राहायला आलंय, त्यांच्या बाईला दिवस गेलेत, आणि ते कुणी सांगायच्या आधीच माझ्या ध्यानात आलं होतं. शेवटी मी गुरुजींचीच लेक.

संध्याकाळी घरी फोन लावला. दादांना सगळं सांगितलं, नोराबाईंचं बोलणंसुद्धा. त्यांनी मुलं किती, वर्ग किती, मैत्री कुठल्या बाकावर बसते, सगळं विचारून घेतलं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मग म्हणाले, त्या आठवड्यात गावात कुठलातरी सर्व्हे आला होता, घरात माणसं किती म्हणून बाई विचारून गेली. आजवर असं कुणी आलं की दादा माझंही नाव सांगायचे, माय त्यावरून हसायची. मी विचारलं, मग यंदा किती सांगितलीत?

"दोन," दादा म्हणाले. "मी अन् तुझी माय. नाव सांगून काय करायचं, माणूस पायजे. तू तिकडं स्वतःला नीट मोजून घे."

फोन ठेवल्यावर मी रडले. दुःखानंच रडले, आणि तरी मोकळं वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते की घर म्हणजे जिथं आपलं नाव आहे. आता वाटतं, घर म्हणजे आपण नसलो तर जिथं एक कमी पडतं. तसं पाहिलं तर माझी दोन घरं आहेत. एका घरात मी नाही म्हणून एक कमी पडलं आहे, ते आता भरून निघायचं नाही. दुसऱ्या घरात मी आहे.