भावकीच्या काळजाचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना चेहरे लक्षात राहत नसत. मुंबईहून ते आले, रत्नागिरीच्या मासळी बाजारात गाठ पडली आणि मी हातातली सुरमई उंचावून "नमस्कार डॉक्टर" म्हटलं, की ते माझ्याकडे आणि सुरमईकडे सारख्याच अनोळखी नजरेनं बघायचे. मग पुढे येऊन माझं मनगट धरायचे, दोन बोटं नाडीवर ठेवायचे, आणि दोनचार ठोक्यांत त्यांचा चेहरा उजळायचा.

"अरे, तुम्ही होय. पावसचे आंबेवाले. वहिनी बऱ्या आहेत?"

मी आंब्याचा व्यापारी, त्यामुळे माझ्या बोलण्यातले चार आणे तुम्ही आधीच वजा करता, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांनी डॉक्टरांना पाहिलंय त्यांना विचारा. ते उलट म्हणतील की मी कमी सांगतोय.

डॉक्टर होते मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात, हृदयाचे. आयुष्य घातलं ते एका आजारापायी. त्यात हृदयाचा स्नायू नको तितका जाड होतो. माणूस वरून धडधाकट, आणि एक दिवस धावताना नाहीतर ओझं वाहताना ठोक्यांचा ताल बिघडतो आणि तो जागच्या जागी कोसळतो. हा आजार आईबापाकडून मुलांत उतरतो. कुणात उतरतो, कुणात नाही, ते बाहेरून बघून कळत नाही.

आमच्या भावकीत असे पुरुष बरेच गेले. आमच्या घरांना जायला खालच्या रस्त्यापासून जांभ्या दगडाची पाखाडी आहे, पायऱ्यापायऱ्यांची वाट. ती इतकी उभी की चढताना कावळासुद्धा मध्ये बसून घेतो. भाताचं पोतं घेऊन चढताना कुणी ना कुणी तिथेच बसायचा आणि परत उठायचा नाही. त्याचा जाब आम्ही गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, विचारायचो. आमचा राखणदार एरवी प्रेमळ, पण पाखाडीवर त्याचा हात चालतो, अशी समजूत होती.

डॉक्टरांची पंचाईत अशी, की एका रुग्णावरून अख्खं घराणं तपासायचं, तर घराणं सापडायचं कुठे? निम्मं मुंबईत, थोडं आखातात, लेकी सासरी. वर्षानुवर्षं त्यांनी निरोप पाठवले आणि आम्ही वर्षानुवर्षं "येतो, येतो" म्हणालो. शेवटी आमच्यातलाच एक चाकरमानी त्यांना म्हणाला, "डॉक्टर, गणपतीत गावाला या. कोकणातला माणूस तेव्हा एका छपराखाली घावतो."

त्या वर्षापासून त्यांच्या संशोधनाचा हंगाम भाद्रपद. जगातले शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत बसतात. आमचे शास्त्रज्ञ आमच्या पडवीत बसले, मखरापासून दोन हातांवर. हृदय पडद्यावर दाखवणारं त्यांचं इकोचं मशीन माझ्या टेम्पोतून आलं, दोन गाद्यांत गुंडाळून. आमच्या रस्त्यावरून नवरीसुद्धा इतकी जपून कुणी आणली नसेल.

पहिल्या वर्षी मात्र कुणी खाटेवर आडवं होईना. आबा, म्हणजे आमच्या भावकीतले सर्वांत वडीलधारे, ओटीवर पाय पसरून बसले होते. ते म्हणाले, "राखणदाराच्या कामात मशीन घातलाव तर तो रागावंल."

"मग त्याला विचारून घेऊ," डॉक्टर म्हणाले. "नारळ आहे?"

आबांनी आयुष्यात पुष्कळ गाऱ्हाणी घातली होती, पण विजेच्या मशीनसाठी पहिल्यांदाच. नारळ हातात घेऊन त्यांनी सूर लावला, "बा राखणदारा, हा मुंबयचा डॉक्टर आपली वीज घेऊन तुझ्या लेकरांच्या काळजात बघतो हाय. त्याच्या नजरेला बरा ता बरा दिसू दे, वाईट ता लवकर दिसू दे, रे महाराजा."

"होय महाराजा," सगळ्यांत मोठ्यानं कोण म्हणालं असेल? डॉक्टर. मखरातल्या उंदरानं मोदक खाली ठेवला, असं आमची ही सांगते. मी तेवढं सांगणार नाही.

मग रीघ लागली. डॉक्टर लेकींनाही बोलवा म्हणाले, तेव्हा आमची बायो आत्या आंजर्ल्याहून आली. आडवी होता होता म्हणाली, "ह्या घराण्याच्या वंशावळीत माझं नाव कुणी घातलं नव्हतं. ह्या मशिनीनं तेवढं तरी केलंन."

पुढे डॉक्टरांचा लेख परदेशात छापून आला. त्यात आमच्या भावकीचा नकाशा होता. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आजार असला तर आत काळं. नाव कुणाचंच नाही. मी निरोगी, म्हणून पांढरा चौकोन. माझं चित्र परदेशी मासिकात आलं म्हणून मी ते घरी दाखवलं. आमच्या हिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हुबेहूब आलाय."

आता दिनूचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय डॉक्टर पुरे होत नाहीत.

दिनू माझा चुलतभाऊ, वयानं बराच धाकटा. मुंबईत लिफ्ट दुरुस्त करायचा आणि गणपतीत गावी येऊन जाखडी नाचायचा. जाखडीत गाणारे आणि मृदंगवाला मध्ये बसतात, आणि एका पायात चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. दिनू आमचा पुढचा गडी. त्यानं पाय आपटला की आमच्या घरापुढच्या खळ्यातून पावसपर्यंतचे नारळ पडायचे. बागवाल्यांनी त्या दिवसांत पाडेकरी लावणंच सोडलं होतं.

त्याचा बापही पाखाडीवरच गेलेला. आणि मशीन आलं त्याच पहिल्या वर्षी मालगुंडचं एक स्थळ त्याला सांगून आलं होतं. विसर्जनानंतर पाहायला जायचं ठरलं होतं. अशा वेळी मशीननं काही भलतं दाखवलं तर? म्हणून दिनूनं युक्ती केली. सुऱ्या नावाचा आमचा दुसरा चुलतभाऊ अगदी त्याच्यासारखा दिसतो. सुऱ्या सकाळी सुऱ्या म्हणून आडवा झाला, आणि दुपारी जेवणं झाल्यावर शर्ट बदलून दिनू म्हणून.

चेहरे विसरणारा डॉक्टर. कोण पकडणार होतं?

डॉक्टरांनी मशीनची दांडी त्याच्या छातीवर टेकवली, पडद्याकडे बघितलं आणि प्रेमानं म्हणाले, "हे हृदय मी सकाळी पाहिलंय. तेव्हा ह्याचं नाव सुऱ्या होतं."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. सुऱ्या उठून पळाला, तो चांगला तिशीतला माणूस, थेट माडीवर. डॉक्टर मात्र हसले नाहीत. हात पुसले आणि मागीलदारी गेले. दिनू विहिरीच्या कठड्यावर बसला होता. मी मागोमाग होतो, म्हणून ऐकलं.

"काय निघणार ता मला ठाऊक हाय, डॉक्टर," दिनू म्हणाला. "दोन जिने चढतानाच दम लागतो. मशिनीत दिसलं की मालगुंडवाले येणार नायत. नाच पण जाईल. मग ऱ्हायलं काय?"

"तू राहशील," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या वडलांच्या वेळी मी ह्या गावात आलो नव्हतो. तुझ्या वेळी आलोय. मला रिकामा पाठवू नकोस."

दिनू आत आला आणि आडवा झाला. स्नायू जाड होता. चांगलाच.

गोळ्या सुरू झाल्या. पुढे मुंबईत त्याच्या छातीत, कातडीखाली, एक चपटी डबी बसवली. ठोके सैरभैर झाले की ती आतून झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणते. आणि नाच बंद.

"मग गणपतीत मी काय करू?" दिनूनं विचारलं.

"मध्ये बसून गा."

डॉक्टरांच्या शास्त्रीय कारकिर्दीतली ही एकमेव चूक. दिनूचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. पहिल्याच वर्षी गोठ्यातल्या दोन म्हशी दावं तोडून गेल्या, त्या मालगुंडला सापडल्या.

मालगुंडला म्हशींच्या आधी दिनू जाऊन आला होता, डॉक्टरांना बरोबर घेऊन. आजार लपवायचा नाही, हे दिनूनंच ठरवलं. त्यानं मुलीसमोर सगळं सांगितलं. मुलाबाळांत उतरू शकतं, तेही. मुलीच्या बापानं हातातली बशी खाली ठेवली. मुलगी म्हणाली, "आधीच्या स्थळानं आपली दारूसुद्धा सांगितली नव्हती. ह्यांनी काळीज सांगितलं." मग डॉक्टरांकडे वळून तिनं गोळ्यांच्या वेळा विचारल्या, आणि डॉक्टर गडबडून पोह्यांत चहा ओतून बसले.

लग्न झालं, मुलगी झाली. दर भाद्रपदात डॉक्टर यायचे. दिवसभर मशीन, संध्याकाळी खळ्यात खुर्ची. नाच सुरू झाला की सगळे नाचणाऱ्यांकडे बघायचे आणि डॉक्टर मध्ये बसलेल्या दिनूच्या पायांकडे. अंगठा जरी हलला तरी ते खोकायचे. मृदंगापेक्षा तो खोकला आम्हाला तालात वाटायला लागला होता.

गेल्या वर्षी डॉक्टर आले नाहीत. निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, झटपट काम उरकून दुपारी परत गेल्या. संध्याकाळी खळ्यात फेर धरला. खोकणारं कुणी नव्हतं. दिनू गाता गाता थांबला, उठला, आणि आम्हाला काही कळायच्या आत फेरात शिरला.

काय नाचला तो. खोटं सांगत नाही, ह्या वेळी एक आणाही वजा करू नका. मग एकदम ताठ झाला, दचकला, आणि मटकन खाली बसला. सगळं थांबलं. त्याची बायको सगळ्यांच्या आधी पोचली. दिनूनं डोळे उघडले.

"घोड्यानं लाथ घातलीन छातीत," तो म्हणाला. डबीनं आपलं काम केलं होतं.

मी टेम्पो काढला. त्याला बायकोला टेकून बसवलं आणि नागपूरला फोन लावला.

"एकच झटका?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकच."

"आता चक्कर, दम?"

"नाही."

"रुग्णालयात न्या, डबी तपासून घ्या. हळू चालवा." मग तिकडून नाक शिंकरल्यासारखं काहीतरी आलं. "फोन त्याच्याकडे द्या."

"डॉक्टर, चुकलं माझं," दिनू म्हणाला.

"ओरडणार आहे मी. उद्या, सकाळी, चहा घेऊन. आज एवढंच सांग. नाच कसा झाला?"

दिनूनं बायकोकडे बघितलं. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं, पण त्याचा हात सोडला नाही. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, कुठला पाय आधी पडला, मृदंग कुठे चढला, लोक कसे मागे सरले. पावस मागे पडलं, समुद्र दिसायला लागला, मी मशीन आणताना चालवला होता त्याहूनही टेम्पो हळू चालवत होतो, आणि फोनमधून मधूनमधून तेवढंच ऐकू येत होतं, "मग? मग पुढे?"