दरबारी गालिचा आणि चावरं मशीन

दाणे हॉपरमधून खाली उतरतच नव्हते. कडेला मुंग्यांसारखे चिकटून बसले होते. हॉपर म्हणजे मशीनच्या डोक्यावरचं पत्र्याचं नरसाळं. त्यात प्लॅस्टिकचे दाणे ओतायचे, ते खाली वितळतात आणि साच्यातून कंगवा निघतो. दुपारी मुंबईचा व्यापारी बघायला येणार होता. मशीन चाललं नाही तर ऑर्डर जाणार, जव्हारचा हा कारखाना बंद पडणार आणि जामसरहून येणाऱ्या बायका पुन्हा मजुरीसाठी घाट उतरणार.

"मशीन चावतंय, दादा," मशीनवरची सोनी म्हणाली. "मी न्हाय हात लावायची."

परवापर्यंत चावत नव्हतं. मी तिथला फिटर. एक दिवस मोखाड्याला गेलो, तेवढ्यात मालकांनी अक्कल पाजळली.

मालक विलीनीकरणापूर्वी संस्थानात कारभारी होते. संस्थान गेलं, यांच्या डोक्यातला दरबार काही गेला नाही. पाहुणा येणार म्हणून त्यांनी सारवलेल्या जमिनीवर जुना लोकरी गालिचा अंथरला. मशीन रंगवलेल्या लाकडी चौथऱ्यावर चढवलं. मी बसवलेली अर्थिंगची, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी तार शोभत नाही म्हणून कापली. आणि बायकांच्या पायांत रबरी तळव्यांचे बूट घातले.

"अनवाणी माणसं संस्थानात चालायची," ते मला म्हणाले. "आता आपण मुंबई राज्यात आहोत."

कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ धरला की कपटे त्याला चिकटतात. तीच ही स्टॅटिक वीज, घासण्यातून होणारी. दाणे पत्र्यावर घासतात, रबरी बूट लोकरीवर घासतात. ओलसर जमीन मिळाली तर ही वीज गुपचूप निघून जाते. नाही मिळाली तर साठते, दाणे चिकटवते आणि हात लावणाऱ्याला चटका देते. त्यात पठारावरची कोरडी थंडी. मालकांनी एका दिवसात तिच्या सगळ्या वाटा बुजवल्या होत्या. मुद्दाम करायचं म्हटलं असतं तर मलाही इतकं नीट जमलं नसतं.

"साहेब, गालिचा काढावा लागेल."

"पाहुण्याला शेणावरून चालवू?"

"मग त्याला गालिचाच विका."

मालक रागाने माझ्यासमोरून तरातरा मशीनकडे गेले आणि काही होत नाही हे दाखवायला त्यांनी हॉपरला हात लावला. पुढच्या क्षणी हात काखेत होता.

"काढा," ते म्हणाले.

गालिचा गुंडाळला, बूट उतरवले. जमिनीवर पाणी शिंपडलं, भोवती ओली पोती टांगली. हॉपरला तांब्याची तार बांधली आणि भिंतीबाहेर ओल्या मातीत ठोकलेल्या पहारीला जोडली. सोनीने आधी बोटाचं टोक लावून पाहिलं, मग दांडा ओढला. कंगवा निघाला. मला फार बरं वाटलं.

व्यापाऱ्याने ऑर्डर दिली. अनवाणी काम करणं ही आमची खास शास्त्रीय पद्धत आहे, असं मालकांनी त्याला सांगितलं.

गालिचा त्यांनी स्वतःच्या ऑफिसात नेला. उरलेली थंडी ते रबरी तळव्यांच्या बुटांनी त्यावर येरझाऱ्या घालायचे आणि लोखंडी कपाटाला हात लावला की विव्हळायचे. सोनी दर वेळी माझ्याकडे बघायची. उपाय मला माहीत होता. त्यांनी विचारला नाही, मीही सांगितला नाही. हॉपरला अर्थिंग देणं माझं काम होतं, मालकांना नव्हे.