दातांच्या दवाखान्यातल्या गिटारी

चाळिशी उलटल्यावर मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. घरात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "केवढ्याला पडली?" सासूबाईंनी विचारला, नणंदेनं विचारला आणि नवऱ्यानं तर दोनदा विचारला, कारण पहिल्यांदा सांगितलेला आकडा आपण चुकीचा ऐकला असं त्याला वाटलं. "वाजवून दाखव," असं मात्र कुणी म्हणालं नाही. मी काही मनावर घेतलं नाही, असं इथं लिहिणार होते. पण उगाच खोटं कशाला? चांगलंच मनावर घेतलं होतं.

पुढं बँकेनं बढती दिली आणि बढतीबरोबर कोलकाता दिलं. नवरा कॉलेजात शिकवतो, सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते दोघं नाशिकला, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला आणि मी न्यू अलीपूरला बँकेच्या फ्लॅटमध्ये. आमच्या संसाराची अशी त्रिस्थळी यात्रा सुरू झाली. रात्री नवऱ्याचा फोन यायचा. "जेवलीस का?" "जेवले. तुम्ही?" "आत्ताच." मग फोन ठेवायचो. एकमेकांवर राग नव्हता. बोलण्यासारखं काही उरत नव्हतं, इतकंच.

गणपतीत इथल्या मराठी मंडळात जाऊन आले. बायका प्रेमळ होत्या. "मिस्टर कुठे असतात?" हे सगळ्यांनी विचारलं. मी गिटार वाजवते म्हटल्यावर एकीनं, आरतीला साथ द्याल का, असंही विचारलं. मी हसून वेळ मारून नेली आणि घरी येऊन हेडफोन कानाला लावून वाजवत बसले. इलेक्ट्रिक गिटारची ही गंमत आहे. हेडफोन लावले की वाजवणाऱ्याला सगळं ऐकू येतं आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला तारांच्या किरकिरीपलीकडं काही नाही. माझ्या शेजारच्या खोलीत कुणी नव्हतंच, तरी मी हेडफोन लावायची.

कोलकात्याच्या दमट हवेनं तारा गंजल्या, म्हणून धर्मतल्ल्याला वाद्यांच्या दुकानांच्या रांगेत गेले. तिथं काउंटरशी एक साठी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी न विचारता माझी गिटार उचलली, डोळ्याशी धरली आणि तिच्या मानेवरून तिरपी नजर टाकली.

"दीदी, ये घर में बंद रहता है क्या?"

"मी दिवसभर ऑफिसात असते," मी हिंदीत सांगितलं.

"बंद घर में लकड़ी टेढ़ा हो जाता है. संडे को लेके आइए. हम लोग बैठता है."

असा मला त्या बैठकीचा पत्ता लागला. दुकानातले ते गृहस्थ, सगळ्यांचे दादा, जन्मभर जहाजावर इंजिनरूममध्ये होते आणि आता निवृत्त होऊन खिदिरपूरला राहत होते. मी मनात त्यांना जहाजवाले दादा म्हणू लागले.

बैठक टॉलीगंजला एका दंतवैद्याच्या दवाखान्यात भरायची, एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी. पेशंटला आडवं निजवायची ती खुर्ची मधोमध. ज्याची पाळी असेल त्याची गिटार त्या खुर्चीवर निजवायची, वरचा दिवा लावायचा आणि बाकीच्यांनी वाकून तपासायचं. पहिल्या रविवारी माझी गिटार तिथं ठेवली तेव्हा मला हसू आवरेना. डॉक्टरसाहेबांनी तर तारांखालचे पिकअप पाहायला दातांचा आरसाही काढला.

मंडळी मोजकीच. स्वतः डॉक्टर, त्यांच्याकडं पायानं दाबायच्या पेडलचा एवढा साठा होता की त्यांतली निम्मी कधी जोडलेलीच नव्हती. गणिताचे एक प्राध्यापक, एकच गिटार बाळगून होते, पण तारा कुठल्या चांगल्या यावर कुणाशीही भांडायला तयार. तिसरा फ्लॅटच्या दलालीतला, तिशीतला, दर दोन महिन्यांनी जुनी गिटार विकून नवी घेणारा. चौथे जहाजवाले दादा आणि पाचवी मी. लाकूड हलकं बरं की जड, आवाज मोठा करणारा व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प बरा की नवा, जाड तार की बारीक. वाद रंगायचा तो लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि आलूर दम येईपर्यंत, आणि खाऊन झालं की वरचे भाडेकरू दुपारचे झोपायचे. म्हणजे वाजवणं राहूनच जायचं. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत तिथं जेमतेम दोन गाण्यांएवढी गिटार वाजली असेल. तरी मी पंधरा दिवस त्या रविवारची वाट बघायची. मला कुणीतरी काहीतरी विचारायचं ना. तार कुठली, तारा छेडायचं पिक कुठलं, एवढंच का होईना.

दादांची गिटार जुनी, मूळची पांढरी असावी, आता सायीसारखी पिवळट झालेली. कुठल्याशा परक्या बंदरात त्यांनी ती जुनी विकत घेतली होती. खालच्या कोपऱ्यात सोल्डरिंगच्या डागणीचा काळा डाग होता. भर समुद्रात तुटलेली वायर जोडताना जहाज कललं आणि डागणी हातातून सुटली, ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की प्राध्यापक शेवटची वाक्यं त्यांच्याबरोबर म्हणायचे. त्या गिटारीवरचा प्रत्येक ओरखडा आम्हाला पाठ होता.

मार्चअखेरीची धावपळ संपल्यावर मी रजा घेऊन नाशिकला गेले आणि एक बैठक चुकली. परत आले तर वाटलं, विचारतील, कुठं होतात, घरी सगळं बरं ना. दलाल म्हणाला, "दीदी, वो जो पेडल बोला था, लाया?" मी पिशवीतून पेडल काढून दिलं. तो खूश झाला. त्या दिवसापासून एक विचार डोक्यात घर करून बसला. मी उद्यापासून इथं आलेच नाही, तर कुणी विचारेल का? हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला असता तर तो म्हणाला असता, "तुला कशाला हवंय विचारायला?" त्याला कसं सांगायचं की या शहरात माझं असं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

पाऊस संपता संपता दादा यायचे थांबले. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. दुसऱ्यांदा मी डॉक्टरांना विचारलं. "बैठक का मेसेज भेजा था, जवाब नहीं आया. पुराना आदमी है, आ जाएँगे," ते म्हणाले आणि खुर्चीवरच्या गिटारीकडं वळले. मग दुर्गापूजा आली, कालीपूजा आली, बैठका बुडाल्या. मला वाटायचं, ही मंडळी त्यांना कितीतरी वर्षांपासून ओळखतात, त्यांनी फोन केला असेल. त्यांना काय वाटत होतं, मी विचारलं नाही.

थंडीच्या सुरुवातीच्या एका रविवारी दलालानं मोबाइल पुढं केला. जुन्या वस्तू विकायच्या साइटवर एका गिटारीचे फोटो होते. त्यानं कोपरा मोठा करून दाखवला. काळा डाग.

"ही तर दादांची!" प्राध्यापक ओरडले.

आणि मग आम्ही सगळे त्या मोबाइलवर वाकलो, जसे खुर्चीवर वाकायचो तसेच. डॉक्टर म्हणाले, पिकअप मूळचे आहेत का ते विचारून घ्या. प्राध्यापकांना किंमत जास्त वाटली. दलाल म्हणाला, थोडं थांबू, गिऱ्हाईक मिळालं नाही की आपोआप खाली येतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आदमी कहाँ है, ये कोई पूछेगा?" मी म्हणाले. आवाज चढला होता, लुची आणणारी बाई दारातच थबकली.

मग डॉक्टर हलकेच म्हणाले, "बेच रहे हैं, मतलब ठीक ही होंगे." त्यावर प्राध्यापक खालच्या आवाजात म्हणाले, "या फिर घरवाले बेच रहे हैं." घरवाले म्हणजे कोण, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. बायको आहे का, मुलं आहेत का, खिदिरपुरात घर कुठं. डागणी कुठल्या समुद्रात पडली हे विचारा, तिघंही एका सुरात सांगतील.

मी तिथंच बसून साइटवर लिहिलं, गिटार पाहायला येऊ का? उत्तर लगेच आलं. पत्ता होता आणि पुढं, आज भी आ सकते हैं. ही मंडळी खायला बसली तशी मी टॅक्सी केली. वाटेत मनाची तयारी करत होते. दार कुणीतरी परकं माणूस उघडेल, भिंतीवर फोटो असेल, फोटोला हार असेल. आपण काय म्हणायचं? त्यांची कोण म्हणून सांगायचं?

गोदीच्या बाजूच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर होतं. दार दादांनीच उघडलं. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, तब्येत ठणठणीत.

"अरे दीदी!" ते म्हणाले. "मैं सोचा, दलाल आएगा."

खोली एकच. पलंग, पलंगावर पुसून ठेवलेली गिटार, खिडकीशी एक खुर्ची. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. माझ्या ओट्यावरही दुपारी अगदी असंच असतं. मी खुर्चीवर बसले आणि ते पलंगाच्या कडेला.

"बरं नव्हतं का?" मी विचारलं.

"एक बार बुखार था. दो-तीन दिन."

"मग?"

ते जरा हसले. "तब सोचा, कोई पूछेगा. नहीं पूछा. फिर सोचा, देखते हैं, कब पूछेगा. पूजा चला गया, काली पूजा चला गया." त्यांनी गिटारीच्या मानेवर हात ठेवला. "तो इसका फोटो डाल दिया. हमको नहीं पूछेगा, इसको तो पूछेगा."

हे ते अगदी साधेपणानं, तक्रारीचा सूर न लावता बोलले. मला रडू आलं. एका परक्या माणसाच्या खोलीत, पन्नाशीची बँक मॅनेजर, रुमाल शोधत बसले. त्यांच्यासाठी रडत होते हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं माझ्यासाठी होतं, आणि ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाले, "बाकी लोग देखा?"

"सगळ्यांनी पाहिलं."

"क्या बोला?"

"काळजी करत होते," मी म्हणाले.

"वो छोड़िए. दाम का क्या बोला?"

खोटं रेटणं मला जमलं नाही. "थांबू म्हणाले. तुम्ही किंमत उतरवाल."

ते एवढे हसले की ठसका लागला. "ठीक बोला, ठीक बोला," म्हणत डोळे पुसले. हसणं ओसरल्यावर मात्र हात मांडीवर ठेवून जमिनीकडं बघत राहिले. मला ते पाहवेना. फोन घेऊन मी जिन्यात आले.

डॉक्टरांना सांगितलं, दादा मजेत आहेत, घरीच आहेत, तुम्ही सगळे इकडं या. "अच्छा है? वाह," ते म्हणाले. मागून प्राध्यापकांचा तारांवरून वाद घालतानाचा आवाज येत होता. "तो नेक्स्ट बैठक में लेके आइए ना उनको." म्हटलं, आज या, आत्ता. "आज थोड़ा..." ते म्हणाले आणि थांबले. माणसं वाईट नव्हती ती. एका एकट्या माणसाच्या घरी जाऊन बसायचं म्हणजे काय करायचं, काय बोलायचं, याचाच त्यांना धसका होता. मला तर तो चांगलाच ओळखीचा होता. इतके महिने माझ्या हातातला फोन त्याच धसक्यानं अडला होता.

"उनके पास एक अ‍ॅम्प है," मी ठोकून दिलं. "व्हॉल्व्हवाला. जहाज के टाइम का. किसी को दिखाया नहीं है."

पलीकडचा वाद बंद पडला. "कौन सा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय कळतंय? तुम्हीच येऊन बघा. गिटारी घेऊन या."

"पता बोलिए," डॉक्टर म्हणाले.

आत येऊन दादांना सांगितलं, सगळे येतायत. त्यांचा विश्वास बसेना. "सब?" त्यांनी दोनदा विचारलं. मग उठले, शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या, पेले मागून आणले, चहाचं आधण ठेवलं, पुन्हा उतरवलं, अजून वेळ आहे म्हणाले. शर्टही बदलला. अ‍ॅम्पचं मी त्यांना काही सांगितलं नाही. जीभ वळली नाही. खिडकीशी उभी राहून मी नुसती घाबरत होते, की आता या माणसाचं काय होणार, आणि हे सगळं मी कुठल्या अधिकारानं करून बसले.

जिन्यावर पावलं वाजली. दादांनीच दार उघडलं. तिघंही धापा टाकत उभे होते, पाठीवर गिटारी, डॉक्टरांच्या हातात पेडलची पेटी. तिघांच्याही नजरा दादांच्या खांद्यावरून थेट आत, खोलीभर फिरत होत्या.

"कहाँ है?" डॉक्टरांनी विचारलं.

दादांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझा चेहराच सगळं सांगत असणार. ते दारातून बाजूला सरकले.

"अंदर है," ते म्हणाले. "आइए, आइए, बैठिए पहले."

तिघं आत आले आणि दादांनी दाराला आतून कडी लावली.