आमच्या साडेतीनशेचं थरथरतं हँडल

जुनी मोटारसायकल उघडून परत जोडली, की चार नट नेहमी उरतात. गाडी सुरू होते, चालतेही, पण ते नट कुठले होते हे कळत नाही. आणि फेकवत तर अजिबात नाहीत! मग एका डबीत साठत जातात. किस्स्यांचंही तसंच आहे. आमची रविवारची कंपनी पांगून आता बरीच वर्षं झाली, पण डबी जरा हलवली की आवाज येतोच.

आता डबी उघडतोय खरी, पण यात कोणाला काय रस वाटणार, अशी शंका मला आत्तासुद्धा येतेय. येऊ दे. माझी सवयच आहे ती.

कंपनी म्हणजे आम्ही चौघं. नाशिकला गंगापूर रोडवर डॉक्टर बर्व्यांचा बंगला होता. डॉक्टर दातांचे. आत दवाखाना, बाहेरच्या पोर्चमध्ये रविवारी आमचा अड्डा. दुसरे आप्पा आहेर, सटाण्याकडचे डाळिंबवाले. आठवड्याच्या शेवटी मुलाकडे नाशिकला यायचे आणि मुलाला सोडून आमच्याकडे बसायचे. तिसरा बब्बू मिस्त्री. मूळ मालेगावचा, नाशिकच्या द्वारका चौकाजवळ गॅरेज. शंका नावाची गोष्ट याच्या आसपास कधी फिरकली नव्हती. आणि चौथा मी, फिजिक्सचा प्राध्यापक. माझी डॉक्टरेट कंपनांवर आहे. हे वाक्य मी एकदाच त्या पोर्चमध्ये बोललो. पुढे दहा वर्षं ऐकून घेतलं.

कारण माझी गाडी कंपायची! साडेतीनशे सीसीची, जुनी, जड, लांबच्या प्रवासाला म्हणून हौसेनं घेतलेली. साठच्या पुढे गेली की हँडल थरथरायला लागायचं.

गाडी घेतली ती मालतीच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या हट्टावर. लग्नाच्या आधीपासून तिला मोटारसायकलवर मागे बसून मध्य प्रदेशातल्या मांडूला जायचं होतं. बसनं नाही, मोटारीनं नाही. मोटारसायकलनंच! मुलं मोठी झाली, सवड मिळाली, गाडी आली. पण पहिल्याच चाचणीत, मालेगावला जाताना राहूड घाटाच्या उतारावर हँडलनं असा काही ताल धरला, की खाली उतरताच मी गाडी कडेला लावली. मालतीनं पदर झटकला, उमराण्याला एस.टी. पकडली आणि घरी गेली.

संध्याकाळी म्हणाली, "हँडलचं डोकं ठिकाणावर आलं की सांगा. तोवर मी त्या गाडीवर बसणार नाही. आणि बसनं मांडूलाही जाणार नाही."

म्हणजे मांडू माझ्या गळ्यात!

* * *

बब्बूचं निदान गाडी पाहण्याआधीच तयार असे. "सर, कोन गया!"

कोन म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग. बब्बूच्या मते जगातल्या सगळ्या गाड्यांचा कोनच जातो. त्यानं नवा कोन बसवला आणि पुन्हा तक्रार नको म्हणून असा आवळला, की हँडल थरथरणं सोडा, वळेचना!

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघालो. फाटकाशी डावीकडे वळायचं होतं. मी जोर लावला. गाडी सरळच. मागे सिटी बस होती, ब्रेक मारायची छाती झाली नाही. फाटकात आमचा शिपाई नामदेव उभा होता. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हात हलवला आणि सातपूरच्या दिशेनं पुढे गेलो.

गाडी ढकलत, वळवत परत आलो, तर वर्ग रिकामा.

"मुलं कुठं गेली रे?"

"सोडून दिली, सर. तुम्हीच टाटा करून गेलात ना!"

* * *

मग कोन जरा सैल केला. थरथर हजर!

आता डॉक्टरांनी सूत्रं हातात घेतली. "पुढच्या शॉकअपमधलं तेल बघा. दोन्ही पायांत सारखं नसेल, तर चाक लंगडणारच." शॉकअप म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या. बब्बू तेल अंदाजानं ओतायचा. हे ऐकून डॉक्टरांचा चेहरा असा झाला, जसा मी दात न घासता त्यांच्या खुर्चीत बसलोय.

आत जाऊन ते दवाखान्यातली सगळ्यांत मोठी सिरिंज घेऊन आले. दंतवैद्याकडे एवढी मोठी सिरिंज कशाला असते, हे मी भीतीनं विचारलं नाही. हातमोजे घातले, तोंडाला मास्क लावला आणि काळंकुट्ट जुनं तेल ओढून घेतलं. सिरिंज डोळ्यांसमोर उभी धरून आतला बुडबुडा काढत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. गालाला मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ आत आले. रविवार असूनही दाढ सहन होईना म्हणून.

डॉक्टर मास्कमधूनच म्हणाले, "बसा, बसा. हे एक झालं की लगेच तुमचं बघतो!"

गृहस्थांनी सिरिंजकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग मफलर सोडला.

"डॉक्टर, थांबलं हो! एकदम थांबलं!"

आणि फाटक न लावताच गेले.

* * *

तेलानं बराच फरक पडला, पण थरथर पूर्ण गेली नाही. मग एका रविवारी आप्पा मला विंचूरला घेऊन गेले. तिथे त्यांच्या मेहुण्यांनी प्रेमानं अर्धं पोतं कांदे दिले. माझ्या कॅरिअरवर आप्पांची पिशवी आणि टूलबॉक्स आधीच होता. आप्पांनी पोतं उचललं आणि सरळ माझ्यासमोर, टाकीवर आडवं टाकलं.

"दिसायला बरं नाही वाटत हो, आप्पा."

"कांदाले लाजता का, सर? चला!"

आणि काय सांगू! निफाडपर्यंत गाडी रुळावरून चालल्यासारखी आली. सत्तरला सुद्धा हँडल गप्प!

मी हर्षभरित. कारण उघड होतं. मागे वजन फार झालं की पुढचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक नाचतं. वजन पुढे आणा, चाक जमिनीला धरून राहतं. हे मला आधी सुचायला हवं होतं, असा विचार वाटेत अनेकदा येऊन गेला.

घरी जेवताना मी मालतीला कागदावर गाडी काढून दाखवली. दोन चाकं, टाकीवर कांदे, खाली जाणारा छोटा बाण. मागच्या सीटवर खाली जाणारा एक मोठा बाण.

तिनं कागद स्वतःकडे ओढला. "हा मोठा बाण कोणाचा?"

"भाराचा."

"कुठल्या भाराचा?"

मी आमटी वाढून घेतली.

तिनं माझ्या खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "बाण जरा लहान काढा."

मी काढला. त्यानंतर सामान टाकीवर आणि मालती जिथल्या तिथे, असं ठरलं. फिजिक्सला काय वाटलं असेल, कोण जाणे.

* * *

डॉक्टर मात्र इरेला पेटले होते. परदेशी गाड्यांच्या हँडलला झटके शोषून घेणारी एक नळी असते, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. नाशिकमध्ये ती मिळणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांची नजर पोर्चमधून हळूहळू दवाखान्याच्या दारावर गेली. दार आपोआप, हळू बंद व्हावं म्हणून त्याला तेलाची नळी लावलेली होती.

बब्बू म्हणाला, "वही चीज हाय, डॉक्टरसाब!"

तासाभरात दाराची नळी माझ्या हँडलला! मी बंगल्याला एक चक्कर मारली. थरथर खरंच कमी. फक्त एक अडचण. हँडल कुठेही वळवा, ते "सूऽऽ" असा सभ्य आवाज करत आपोआप सरळ व्हायचं. मी डॉक्टरांच्या गुलाबांमध्ये दोनदा जाऊन आलो.

तरी ठेवूया म्हणत होतो. पण बुधवारी डॉक्टर स्वतः माझ्या घरी आले. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी.

"नळी द्या, सर."

"का हो?"

"दार धाडकन आपटतंय. काल पेशंटच्या तोंडात हात होता. दार वाजलं, पेशंट दचकला आणि तोंड मिटलं! हँडल थरथरलं तर एक प्राध्यापक जाईल. नाशिकमध्ये भरपूर आहेत. माझी बोटं मात्र दहाच आहेत!"

* * *

दिवाळी जवळ आली. मालती मांडूच्या वाटेवरच्या गावांची नावं भाजी निवडताना गुणगुणायची. धुळे, शिरपूर, सेंधवा.

तोवर गाडीचा कोन, तेल, मागचे बुश, पुढचा टायर, सगळं नवं झालं होतं. सिन्नरच्या रस्त्यावर शेवटची चाचणी ठरली. आधी डॉक्टर चालवून आले. हँडल शांत. मग बब्बू. शांत. आप्पा तर एक हात सोडून मिशीवरून फिरवत आले. "भारी शे गाडी!"

मग मी बसलो. मीही एकटाच. साठ झाले आणि थरथर सुरू!

परत आलो. टपरीवर चहा सांगितला. शेवटी बब्बू म्हणाला, "सर, सब पार्ट बदल दिए. कोन नया, तेल नया, बुश नया, टायर नया. आता एकच पार्ट पुराना हाय."

"कुठला?" मी विचारलं.

तिघंही आपापल्या कपात बघत होते.

* * *

खरं होतं ते. मी हँडल जीव मुठीत धरल्यासारखं धरायचो आणि माझ्याच दंडांची थरथर चाकापर्यंत पोचायची. ताठ धरलेल्या दांडीत कंपन वाढतं, असं माझ्या प्रबंधातच लिहिलेलं आहे. पण हात सैल ठेवायचे म्हटलं, की सैल राहतील ना, या काळजीनं मूठ आणखी आवळायची. मी हे सगळं मालतीला सांगितलं आणि म्हणालो, "तुला न्यायची माझी हिंमत नाही."

ती स्वयंपाकघरात गेली. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. माझ्या दोन्ही हातमोज्यांत, तळव्याच्या जागी, एकेक शेंग सरकवली.

"उद्या सकाळी निघायचं. वाटेत शेंग फुटली, तर मी उतरून एस.टी. धरीन. मांडूचं नावही काढणार नाही."

सकाळी निघालो. पिंपळगाव गेलं, चांदवड गेलं. मला मागे मालती आहे, पुढे घाट आहे, काही आठवत नव्हतं. सगळं लक्ष दोन शेंगांवर. राहूडचा उतार आला. समोरून ट्रक, मागून ट्रक. काटा साठ, पासष्ट. हँडल माझ्या हातांत असं पडून होतं, जसं ते दुसऱ्याच कोणाचं आहे. मालतीचा डावा हात माझ्या खांद्यावर होता.

उमराण्याला, मागे तिनं एस.टी. पकडली होती त्याच थांब्यासमोर, मी गाडी उभी केली. दातांनी हातमोजे ओढून काढले. दोन्ही शेंगा अखंड!

"बघ!" मी ओरडलो. "मालती, बघ!"

ती उतरून माझ्याशेजारी उभी होती. उजवी मूठ मिटलेली. दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवत तिनं ती हळूहळू उघडली. आत फोलपटांचा चुरा होता आणि चिरडलेले दाणे तळव्याला चिकटले होते.

"घ्या, खा," ती म्हणाली. "आणि त्या चहावाल्याला विचारा, धुळं किती राहिलं."